पिवळ्या दिव्याचा पाय

त्या मंगळवारी जेवणं आटोपल्यावर भिंगकाका पिशवी घेऊन बाहेर पडले, ते फक्त एक घंटी आणायला. पुढे जे झालं त्यात घंटीचा काडीइतकाही दोष नाही, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. बिचारी वेळच्या वेळी वाजली.

भिंगकाका हे अर्थातच त्यांचं खरं नाव नव्हे. बिघडलेली यंत्रं उघडण्यात या माणसाची तीस वर्षं गेली होती. कपाळाला पट्ट्याने बांधलेलं भिंग काम संपलं की ते नुसतं वर सरकवत आणि तसेच बाजारात, तसेच पोस्टात. एकदा केस कापायला बसले तर न्हाव्याने अदबीने विचारलं होतं, "काका, याच्या भोवतीने कापू का?"

दुकानातल्या पार्टवाल्याने घंटी कागदात गुंडाळता गुंडाळता चौकशी केली. "घंटी कुणाला? दाराला?"

"आईला."

"म्हणजे आजी वाजवणार, आणि तुम्ही धावत वर जाणार."

"उलटं आहे. आजी चालू आहे तोवर ही गप्प. आजी थांबली की ही वाजणार."

पार्टवाल्याचा हात मध्येच थांबला. काकांनाही आपण काय बोलून गेलो ते जरा उशिरा ऐकू आलं. मग विषय बदलायचा म्हणून पार्टवाला म्हणाला, "रेझिस्टर वगैरे काही देऊ?"

"घरी डबा भरून आहेत," असं म्हणून काका निघाले. हे मात्र खरं होतं. डबा भरून होते.

प्रकार असा होता. काकांची आई झोपेत श्वास घ्यायला विसरू लागली होती. तीन श्वास अगदी सारखे, चौथा लांबलचक, मग एक खड्डा. त्या खड्ड्यात काही म्हणजे काही नाही. आणि मग खड्ड्यातून धडपडत वर आल्यासारखे दोन घाईचे. डॉक्टरीणबाईंनी सांगून ठेवलं होतं, "खड्डा वीस सेकंदांच्या पुढे गेला की खांदा हलवायचा. लगेच घेतील श्वास. पण कुणीतरी मोजत बसलं पाहिजे."

हे कुणीतरी म्हणजे काकांची थोरली बहीण. ताईने चौतीस वर्षं वॉर्डात नर्सची नोकरी केलेली. तिच्यासमोर भलेभले डॉक्टर आवाज खाली करून बोलत. पण आता तिचीही सत्तरी जवळ आली होती, आणि गेले एकोणीस दिवस ती त्या खाटेजवळच्या खुर्चीतून जेमतेम हलली होती. रविवारी सकाळी तिने चहा ढवळला तो थर्मामीटरने. त्यावर दोघं भावंडं हसली. दुपारी तिला बसल्या बसल्या डुलकी लागली, दचकून जाग आली तेव्हा आईचे ओठ निळे पडले होते. त्यावर कोणी हसलं नाही.

"दोन दिवस," ताईने भावाला बजावलं होतं. "दोन दिवसांत तुझं यंत्र झालं नाही तर मी हिला वॉर्डात नेऊन ठेवणार. आणि त्या वॉर्डातून या वयाचं माणूस कसं बाहेर येतं ते मला कोणी शिकवायला नको."

म्हणून हे यंत्र. विकत मिळतं तसलं नव्हे, घरी केलेलं. गादीखाली एक पातळ पट्टी ठेवायची. आईची छाती वरखाली झाली की पट्टीला कळणार, पट्टी बोर्डाला सांगणार, बोर्डावरचा तांबडा दिवा प्रत्येक श्वासाला एकदा लुकलुकणार. वीस सेकंद दिवा लागला नाही की घंटी. ताईने खुशाल झोपावं.

काकांचा कारखाना म्हणजे घराच्या खालच्या मजल्यावरची एकच खोली. तिला एक खिडकी, तीही शेजारच्या भिंतीकडे तोंड करून बसलेली. त्याच रविवारी संध्याकाळी त्यांनी तिथेच बोर्ड तयार केला होता. तांबं चढवलेल्या पातळ फळीवर घरच्या इस्त्रीने आराखडा छापला. मग ती फळी तांबं खाणाऱ्या तपकिरी औषधात बुडवून, बाळाचा पाळणा हलवावा तसं ते भांडं अर्धा तास हलवत बसले. नको ते तांबं विरघळून गेलं, हवे ते रस्ते उरले. मग केसाएवढ्या ड्रिलने भोकं. मधोमध मुख्य चिप, अठ्ठावीस पायांची. काका तिला गोम म्हणत. "गोमेला अक्कल आपण घालू तेवढीच," असं ते म्हणायचे. "पण पाय फार. कुठला पाय कुठे पडलाय त्यावर लक्ष ठेवावं लागतं."

आभाळ भरून आलं होतं. खोलीत चार वाजताच दिवेलागण झाल्यासारखं वाटत होतं. काकांनी ट्यूब लावली, भिंग डोळ्यांवर ओढलं, डाग मारायची सोल्डरिंग गन तापत ठेवली. तिच्या टोकाशी राळेचा धूर निघू लागला, निळसर, गोडसर, जरा घशात बसणारा. त्या वासावर हा माणूस वाढला होता. आई तर म्हणायची, "उंदऱ्या, तू दारातून आत यायच्या आधी तुझा वास येतो."

उंदऱ्या. लहानपणी घरातली प्रत्येक वायर कुरतडून पाहिली म्हणून मिळालेलं नाव. बावन्न वर्षांत आईने दुसरी हाक मारली नव्हती.

एकेक पाय चकाकत्या थेंबात बसत गेला. तांबडा दिवा बसला. शेजारी थोडी जागा होती, म्हणून काकांनी आराखड्यातच एक पिवळा दिवाही काढून ठेवला होता आणि त्याला गोमेचा शेजारचा पाय दिला होता. पुढेमागे दुसरी पट्टी लावावी लागली तर असावा. मल्टिमीटरची टोकं ठेवून त्यांनी एकेक रस्ता तपासला. जिथे आवाज यायला हवा तिथे आला, जिथे यायला नको तिथे आला नाही.

आता रिकामी चाचणी. ही काकांची जुनी शिस्त. यंत्राला काहीही न जोडता आधी नुसतं चालू करायचं आणि बघत बसायचं. "ज्याला काही विचारलेलंच नाही, तो बोलायला लागला तर समजावं, खोटारडा आहे," असं ते सगळ्यांना सांगत. पट्टी भिंतीवरच्या फळीवर तिच्या पुडक्यातच होती. घंटी तेवढी जोडलेली. बोर्डाची वायर लॅपटॉपला लावून काकांनी बटण दाबलं.

हिरवा दिवा लागला, म्हणजे वीज पोचली. पडद्यावर शून्य उमटलं. काका समाधानाने मागे रेलले.

तांबडा दिवा लुकलुकला.

पडद्यावर एक.

मग पुन्हा. दोन.

काकांनी कपाळावर हात मारून घेतला. चूक त्यांना एका क्षणात कळली. गोमेच्या ज्या पायावर पट्टीची खबर यायची तो पाय मोकळा राहिला होता. असा मोकळा पाय हवेतलं वाटेल ते उचलतो. ट्यूबची गुणगुण, जवळ आलेला हात, रस्त्यावरून गेलेली गाडी. म्हणून त्याला एका रेझिस्टरने ग्राउंडला, म्हणजे बोर्डावरच्या शून्य विजेच्या रस्त्याला, बांधून ठेवायचं असतं, खुंटीला जनावर बांधावं तसं. काही खबर आली तरच उठायचं, एरवी गुमान बसायचं. दहा हजार ओमचा, तांदळाच्या दाण्याएवढा रेझिस्टर. शिकाऊ पोरांना शंभर वेळा सांगितलेली गोष्ट, आणि रविवारी आराखडा काढताना एक कान छताकडे लावून बसलेले काका स्वतःच विसरले होते. तांबड्याच्याही पायाला नाही, पिवळ्याच्याही नाही.

"म्हातारा झालास," ते स्वतःला म्हणाले, आणि रेझिस्टरचा डबा उघडायला उठले.

उठता उठता थांबले. कारण दिवा लुकलुकत होता तो भलत्याच तऱ्हेने. मोकळा पाय वेड्यासारखा थरथरतो, सेकंदाला पन्नास वेळा. हा तर सावकाश चालला होता. काकांनी हात दूर नेला. फरक नाही. ट्यूब बंद केली, खोली करड्या अंधारात गेली, आणि तो बारका तांबडा ठिपका त्या अंधारात आणखीच ठळक झाला. लॅपटॉपचा चार्जर काढला. पंखा बंद केला. आता खोलीत विजेवर गुणगुणणारं असं काही उरलंच नव्हतं.

एक. दोन. तीन. मग जरा वेळ धरून राहिलेला चौथा.

मग काही नाही.

काका मनात मोजत होते. अकरा… बारा… तेरा…

आणि दोन घाईचे.

त्यांनी वर आईच्या खोलीत ताईला फोन लावला. "ताई, एक काम कर. आईचे श्वास मोठ्याने मोज."

"का? मी आतापर्यंत खोटं मोजत होते असं वाटतं का तुला?"

"ताई, मोज ना."

"झोपलीय ती आत्ताच. हळूच मोजते." फोनच्या पलीकडे खुर्ची करकरली. "हं. एक… दोन…"

दिवा लुकलुकत होता. एक. दोन. काका टेबलाला घट्ट धरून बघत राहिले. जुळत होतं, त्याबद्दल वादच नव्हता. पण थोडं अधिक बघितल्यावर त्यांच्या लक्षात आलं की अगदी जुळत नव्हतं. दिवा आधी लागत होता. ताईचा आकडा मागून येत होता. डोळ्याची पापणी लवायला लागते तेवढाच फरक, पण प्रत्येक वेळी आधी दिवा.

आता इथे दुसरा कोणी असता तर यंत्र तिथेच टाकून बाहेर पळाला असता. पण हा पडला तीस वर्षांचा कारागीर. भुताखेतापेक्षा त्याला सदोष बोर्डाची लाज जास्त. ज्याला काही जोडलेलं नाही तो बोलतोय, म्हणजे खोटारडा, आणि खोटारड्या यंत्राच्या भरवशावर मी आईला झोपवणार? उद्या खरा खड्डा पडला आणि हा शहाणा मनाने लुकलुकत राहिला तर?

"तू मोजत राहा," ते फोनवर म्हणाले, "मी एक डाग मारतो."

डब्यातून रेझिस्टर घेतला. तपकिरी, काळा, नारिंगी पट्ट्यांचा. फोन टेबलावर उभा करून ठेवला. ट्यूब लावली. खरं तर यंत्र बंद करून सोल्डर करायचं असतं, पण काकांना दिवा विझताना बघायचा होता. रेझिस्टरचं एक टोक ग्राउंडला चिकटवलं, दुसरं टोक त्या मोकळ्या पायावर ठेवलं आणि गन टेकवली. राळेचा धूर वर आला. थेंब वितळला, पसरला, चमकला, घट्ट झाला.

तांबडा दिवा विझला.

"बस आता गुमान," काका म्हणाले.

फोनमधून ताईचं मोजणं ऐकू येत होतं. "एकतीस… बत्तीस…" मग ती थांबली. खड्डा असेल. काका पडद्याकडे बघत होते. आकडा हलत नव्हता. छान. वीस सेकंद झाली आणि घंटी खणखणली. कागदातून दुपारीच बाहेर निघालेली नवीकोरी घंटी, आवाज कसा स्वच्छ. 'वा, घंटीपण चालते!' हा विचार काकांच्या मनात आला, तो पुढे त्यांना कायम डाचत राहिला. कारण त्या खणखणाटात फोनमधला आवाज त्यांना उशिरा ऐकू आला.

"…थांबलीय रे! अरे ऐकतोयस का? खांदा हलवतेय, उठत नाहीये! आई! आई गं! अरे वर ये…"

काकांच्या डोळ्यांसमोर तो रेझिस्टर. डाग अजून गरम असेल. तो पुन्हा वितळवून काढायला चार-पाच सेकंद लागतात, आणि तेवढी त्यांच्याकडे नव्हती. त्यांनी पक्कड घेतली, रेझिस्टरला चिमटा लावला आणि मुळासकट उपटला.

एक क्षण काहीच नाही.

मग तांबडा दिवा लागला. आणि फोनमधून, छताच्या वरून, दोन्हीकडून एकदमच एक लांब घोगरा श्वास आत ओढल्याचा आवाज आला.

ते धावत वर गेले तेव्हा ताई जमिनीवर बसली होती, पदराने तोंड दाबून. आई उशीला टेकून बसलेली. तीन आठवड्यांत आधाराशिवाय न बसलेली आई. तिचे डोळे उघडे होते आणि ती दाराकडेच बघत होती.

"आलास, बाळ?" ती म्हणाली. "केवढा वेळ दार धरून ठेवलं होतंस. बरं झालं सोडलंस."

ताई रडता रडता हसली. "बाळ म्हणतेय बघ तुला! उंदराचा बाळ झालास. सुधारली की रे आई!"

खरोखरच सुधारली. त्या दिवसापासून खड्डा पडलाच नाही. श्वास कसा, तर एकासारखा एक. डॉक्टरीणबाईंनी तिसऱ्या दिवशी छातीला नळी लावली, ऐकलं, पुन्हा ऐकलं. "घड्याळासारखा चाललाय," त्या म्हणाल्या. "काय केलंत काय तुम्ही?"

"आमच्या याने यंत्र केलंय," ताईने ऐटीत सांगितलं.

काकांनी मान खाली घातली. पट्टी त्यांनी गादीखाली घातली होती, वायरही भिंतीतून खाली आणली होती. पण त्या वायरचं टोक टेबलाच्या खणात नुसतंच पडलेलं होतं. ते बोर्डाला जोडायचा धीर त्यांना झाला नव्हता. बोर्ड बंद करायचाही झाला नाही. बंद केला तर काय होईल? बहुधा काहीच नाही. तो नव्हता तेव्हाही आई श्वास घेत होतीच की. पण आयुष्यात पहिल्यांदाच त्यांनी एक चाचणी करायची टाळली. तांबड्याखेरीज कशाकडेही न बघता वीज गेली तरी चालेल अशी बॅटरी लावली, धूळ बसू नये म्हणून वरून जाडसा रुमाल घातला, सोल्डरिंग गन गुंडाळून कपाटात ठेवली आणि खोलीचं दार ओढून घेतलं.

वर आनंदीआनंद होता. ताई रात्रभर झोपू लागली. तिचं घोरणं खाली ऐकू यायचं आणि काका मनात म्हणायचे, घोर बाई, तुझा हक्क आहे. आई भाजी निवडायला लागली, खिडकीत बसायला लागली, जाणाऱ्या-येणाऱ्याला हाका मारायला लागली. काकांना मात्र ती 'बाळ' म्हणे. एकदा त्यांनी विचारलंच, "आई, मला लहानपणी काय म्हणायचीस गं?" ती हसून म्हणाली, "बाळच. दुसरं काय म्हणणार?"

आजारपणात माणसं विसरतात. काकांनी तसं स्वतःला समजावलं.

अकराव्या दिवशी, संध्याकाळी पाचच्या सुमाराला, बोर्डासाठी एखादी पेटी करावी म्हणून ते मोजपट्टी घेऊन खाली गेले. रुमाल उचलला. तांबडा दिवा आपला इमानाने चालला होता. एक, एक, एक.

आणि शेजारचा पिवळाही.

पिवळ्याचा पायही मोकळाच होता, रेझिस्टरशिवाय. आधी काकांना वाटलं, हा माझा असेल. त्यांनी श्वास रोखला. दिवा लुकलुकतच राहिला. मग ताईला फोन करून म्हणाले, "जरा श्वास रोखून धर." ती म्हणाली, "कामं नाहीत का रे तुला?" पण धरला. दिवा लुकलुकतच राहिला. त्यांच्या घरात श्वास घेणारी माणसं तीनच होती, आणि तिसरीचा दिवा तांबडा होता.

मग त्यांनी खुर्ची ओढली आणि भिंग डोळ्यांवर घेतलं.

तीन सारखे. चौथा लांबलचक.

खड्डा.

आणि धडपडत वर आल्यासारखे दोन घाईचे.

लॅपटॉप बोर्डाला जोडलेलाच होता; त्याच्यावर आपोआप होत असलेली ठोक्यांची नोंद काकांनी मागे मागे नेली. पिवळ्याचा पहिला ठोका मंगळवारचा होता. रेझिस्टर उपटल्यानंतर बरोबर चाळीस सेकंदांनी. तेव्हापासून अकरा दिवस, अखंड. घंटी फक्त तांबड्याला जोडलेली, त्यामुळे कुणाला काही कळायचा प्रश्नच नव्हता. आणि खड्डे… चौदा सेकंदांचे, सतराचे, बावीसचे, सव्वीसचे. परवा रात्री एक एकतीसचा. रुमालाखाली, बंद खोलीत, अकरा दिवस कोणीही खांदा न हलवता.

वरून भांड्यांचा आवाज येत होता. कोणीतरी हसत होतं. आईचाच आवाज.

पिवळा दिवा विझून राहिला होता. काका मोजत होते. सतरा… अठरा… एकोणीस… वीस… एकवीस… त्यांनी हात पुढे केला आणि बोर्डाच्या कडेला, अगदी हलक्या बोटाने, खांदा हलवावा तसं हलवलं.

"आई…" ते कुजबुजले. "आई, उंदऱ्या आहे मी."

दोन घाईचे. आणि मग, जिथे तीन सारखे यायला हवे होते तिथे, आणखी एक. लांब. खूप वेळ धरून राहिलेला.

त्या दिवसापासून काका खालीच राहू लागले. ताई ताट आणून देई आणि बडबडे, "मला झोपवलंस आणि आता तू जागतोयस. डोळे बघ आरशात, मडक्याला भोकं पाडल्यासारखे झालेत. त्या दिव्यात काय एवढं बघायचंय?" काका म्हणत, "चाचणी चाललीय." मनगटावर घड्याळाचा गजर लावून ते वीस-वीस मिनिटं डुलक्या काढत. खड्डे लांबत चालले होते. पण बोट लावलं की दिवा येई. अजून येत होता.

चौथ्या दिवशी दुपारी जिन्यावर पावलं वाजली. ताईची नव्हती. ताई धप धप उतरते. ही एकसारखी होती, एकेका पायरीला एकेक, न थांबता, धाप न लागता. आजारी पडल्यापासून आई या खोलीत उतरली नव्हती. तशी ती आधीही कधी आत येत नसे. "तुझ्या तारांची मला भीती वाटते," म्हणायची आणि उंबऱ्यावरूनच चहा द्यायची.

ती आत आली. काकांच्या खुर्चीमागे येऊन उभी राहिली. तांबडा दिवा एक, एक, एक चालला होता.

"किती वाळलास रे, बाळ," ती मायेने म्हणाली. "नको इतका जीव जाळूस. तो पिवळ्या दिव्याचा पाय आहे ना, तो तेवढा ग्राउंडला बांधून टाक. म्हणजे तुलाही झोप, मलाही झोप."

तिने मूठ उघडली. तळहातावर एक रेझिस्टर होता. तपकिरी, काळा, नारिंगी.

पिवळा दिवा विझलेला होता. काकांच्या मनात मोजणं चालूच होतं. अठरा… एकोणीस… त्यांनी बोट पुढे केलं आणि आईने त्यांचं मनगट धरलं. जोराने नाही. आजाऱ्याची नाडी बघावी तसं.

"राहू दे," ती म्हणाली. "जाऊ दे तिला."

बावीस… तेवीस…

वरून ताईची हाक आली, झोपून उठलेली, ताजीतवानी. "अरे, आई खाली आली का रे? एकटी उतरली? कमाल आहे बाई!"

सव्वीस… सत्तावीस… काकांनी दुसरा हात टेबलावर टाकला, उपडा, जसा पडेल तसा. अख्खा बोर्ड हादरला. कुठेच काही नाही. आणि मग, बऱ्याच वेळाने, खूप खोलातून यावेत तसे, दोन.

आईने मनगट सोडलं. ती रागावली नाही. रेझिस्टर तिने टेबलाच्या कडेवर नीट ठेवला, त्यांच्या केसांवरून हात फिरवला. "बरं," ती म्हणाली. "आज राहू दे मग."

पावलं जिना चढून गेली, एकसारखी. काका मोजत बसले, दोन्ही हात बोर्डाशेजारी ठेवून. बऱ्याच वेळाने घाम पुसायला त्यांनी मनगट तोंडाशी नेलं, आणि ते तसंच राहिलं.

मनगटाला, जिथे तिची बोटं लागली होती तिथे, जळत्या राळेचा ताजा वास येत होता. सोल्डरिंग गन पंधरा दिवस कपाटात, वायर गुंडाळून, थंड पडलेली होती.